पिंपातलं मांस, राखेतला बाफला

जुलै १८०४च्या पहिल्या पंधरवड्यात कर्नल जॉन मरे गुजरातेकडची इंग्रजी फौज घेऊन उज्जैनला येऊन थडकला. शहर दौलतराव शिंद्यांचं. आदल्या डिसेंबरात याच दौलतरावांनी सुर्जी-अंजनगावचा तह करून इंग्रजांशी लढाई थांबवली होती, त्यामुळे कागदोपत्री मरे मित्राच्या घरी आला होता. शत्रू होते यशवंतराव होळकर. पावसाळा लागला होता. माळव्याची काळी माती भिजली की तोफेचं चाक तिच्यात रुतून बसतं, बैल गुडघ्यापर्यंत जातो आणि रसदीच्या वाटा बंद होतात. उद्या चुलीवर काय चढवायचं, हा प्रश्न अशा वेळी सेनापतीला होळकरांच्या स्वारांइतकाच छळतो.

त्या छावणीत चुली तरी किती तऱ्हेच्या! गोऱ्या पलटणीत सहा-आठ जणांचा एक मेळ आणि त्या मेळाचा एक हंडा. रोजचं रत्तलभर मांस त्यात पडायचं आणि पाण्यात शिजत राहायचं. मुंबईच्या देशी पलटणींत मराठे होते, महार होते, उत्तरेकडचे परदेशी होते, मुसलमान होते, कोकणातले बेने इस्रायल ज्यू होते. यांच्यात एका हंड्याचा विचार कुणाला शिवला नसता. ज्याची त्याची चूल, ज्याचा त्याचा तवा. संध्याकाळी शे-पाचशे हंडे एकीकडे आणि हजारो धुरकट चुली दुसरीकडे, असा एकाच फौजेचा स्वयंपाक चालायचा.

दुसऱ्या मराठा-इंग्रज युद्धाची गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलो ती तोफांची, फितुरीची आणि शिंदे-होळकरांच्या वैराची. ती खरीच आहे. पण या गोष्टीच्या खाली दुसरी एक गोष्ट सतत चालू होती, ती पोटाची. एका बाजूला अन्न आधी साठवून, मोजून, पिंपांत आणि गोण्यांत भरून पुढे नेणारी व्यवस्था होती. दुसऱ्या बाजूला जिथे मुक्काम तिथल्या मुलखावर जगणारी. उज्जैनने या दोन्ही व्यवस्था आपल्या वेशीवर पाहिल्या.

उज्जैन शिंद्यांकडे आलं ते राणोजींच्या काळात. १७३०च्या दशकात त्यांनी इथे बस्तान बसवलं आणि त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. आज भाविक ज्या मंदिरासमोर रांग लावतात त्याची उभारणी या सारस्वत कारभाऱ्याची. सिंहस्थाच्या मेळ्याला नाशिककडच्या साधूंना उज्जैनला आणण्याचं श्रेयही परंपरा राणोजींनाच देते. म्हणजे हजारो माणसं उघड्यावर राहताहेत, उघड्यावर रांधताहेत, हे दृश्य या शहराला फौजांच्या आधीपासून ओळखीचं होतं.

आणि रांधायला होतं काय? माळव्याचा गहू. दगडावरही पीक येईल अशी या मुलखाची ख्याती; गहू, हरभरा, तूर आणि जोडीला अफू. गव्हाचं जाडसर पीठ, मीठ, पाणी आणि शेणाच्या गोवऱ्यांचा निखारा एवढ्या सामग्रीवर उत्तर हिंदुस्थानातला स्वार, बैरागी आणि गाडीवान पिढ्यान्‌पिढ्या जेवत आला आहे. तवा नसला तरी अडत नाही, ताट नसलं तरी अडत नाही. राजस्थानी बाटी ती हीच. माळव्याने तिला एक पायरी जास्त दिली. इथला बाफला आधी हळदीच्या उकळत्या पाण्यात सोडतात. गोळा वर तरंगला की बाहेर काढून निथळतात आणि मग गोवऱ्यांच्या राखेत पुरतात. ज्वाला नको, नुसती धग हवी. बाहेरून तांबूस कवच धरतं, आत पीठ मऊ राहतं. राख झटकून, हाताने दाबून तो फोडायचा आणि तुपात बुडवायचा. तुरीचं वरण, कढी, हिरवी चटणी, शेवटी लाडू. जेवणारा मग दुपारभर काही कामाचा राहत नाही, हा भाग वेगळा.

मंद आचेचं खरं मर्म इथेच आहे. हात मोकळे राहतात. बाफला राखेत टाकून माणूस घोड्याला चंदी देऊ शकतो, खोगीर सांधू शकतो, क्षिप्रेवर अंघोळ करून येऊ शकतो.

पिंपांत अन्न भरून नेणाऱ्या दुसऱ्या व्यवस्थेचं मूळ मात्र दूर होतं. आयर्लंडच्या दक्षिणेला कॉर्क नावाचं बंदर आहे. १६६३ आणि १६६७ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदे करून आयरिश जनावरं जिवंत आणायला आधी अडथळा केला आणि मग बंदीच घातली. इंग्लिश जमीनदारांना स्पर्धा नको होती. जिवंत जनावर नेता येत नाही तर मारून, खारवून न्यावं, असा तोडगा आयरिश व्यापाऱ्यांनी काढला आणि पुढच्या शंभर वर्षांत कॉर्क हे अटलांटिकवरचं मांस खारवण्याचं सर्वांत मोठं केंद्र झालं. गवत खाऊन पुष्ट झालेली गुरं शरद ऋतूत कापायची, मांसाचे मोठे तुकडे करायचे, मिठाचे जाडे खडे चोळायचे, पिंपात दडपायचे आणि वरून खारं पाणी भरून पिंप बंद करायचं. मीठ पोर्तुगालच्या आगरांतून यायचं. इंग्रज आरमार, व्यापारी जहाजं, वेस्ट इंडीजमधले मळे, सगळे हे मांस विकत घेत. गंमत अशी की इंग्लंडचा शत्रू फ्रान्सही आपल्या वसाहतींसाठी कॉर्कचाच माल उचलायचा.

त्या मिठात थोडा सोराही घालत. सोऱ्याने मांस तांबूस राहतं, टिकतंही. युरोपात सोऱ्याचा मोठा पुरवठा कुठून व्हायचा? बिहारमधून. पाटण्याच्या आसपासच्या खाऱ्या मातीतून नोनिया लोक तो काढत आणि ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं भरून नेत. मुख्य गिऱ्हाईक अर्थातच बंदुकीची दारू. १८०३च्या असईच्या लढाईत शिंद्यांच्या गोलंदाजांनी उडवलेल्या दारूत जे द्रव्य होतं, तेच आरमाराच्या मांसाच्या पिंपातही होतं.

पिंपातलं मांस थेट खाता येत नाही. आधी ते पाण्यात भिजवून मीठ काढावं लागतं, मग तास न् तास उकळावं लागतं. चिवट, भरपूर काम केलेल्या स्नायूंचं मांस. घाईने शिजवलं तर चामड्यासारखं लागतं. मंद आचेवर दोन-चार तास ठेवलं की त्यातले चिवट धागे विरघळून त्यांचं सरस होतं आणि तुकडा चमच्याने तुटतो. जमिनीवर असलं आणि हंगाम असला तर शेवटी कोबी टाकायचा, म्हणजे तो खारा, स्निग्ध रस्सा पिऊन घेतो. जहाजावर कोबी कुठला? तिथे वाटाणे आणि किडलेली बिस्किटं. इंग्रज खलाशाचा आठवड्याचा शिधा चार रत्तल गोमांस आणि दोन रत्तल डुकराचं मांस असा ठरलेला होता, आणि कित्येक वर्षांची समुद्रावरची लढाई या शिध्यावर चालली.

हे मांस पिकवणाऱ्या आयर्लंडात गरिबाच्या ताटात ते क्वचितच आलं. तो बटाट्यावर जगला, आणि १८४५ ते १८४९च्या दरम्यान बटाट्याला रोग लागला तेव्हा मेला किंवा जहाजात बसून अमेरिकेला गेला. न्यू यॉर्कच्या गल्ल्यांत त्याला शेजारच्या ज्यू खाटकाकडे खारवलेलं गोमांस परवडण्याजोग्या भावात मिळालं. घरी डुकराच्या खारवलेल्या मांसाबरोबर कोबी खायची सवय होती. इथे डुकराच्या जागी गाय आली. आज सेंट पॅट्रिकच्या दिवशी, मार्चमध्ये, अमेरिकेतली लाखो घरं जे ‘आयरिश’ जेवण शिजवतात त्याचा जन्म असा परदेशातला. सकाळी विजेच्या भांड्यात मांस ठेवायचं, बटाटे-गाजर घालायचे, झाकण लावून कामावर जायचं. आठ-दहा तासांनी घरी परतल्यावर शेवटच्या तास-दोन तासांसाठी कोबी. त्या भांड्याची कुळीही ज्यूंच्या घरात सापडते. शिकागोच्या अर्व्हिंग नॅक्सनला १९४० साली त्याचं पेटंट मिळालं. शब्बाथच्या दिवशी आग पेटवायची नाही, म्हणून आदल्या संध्याकाळी डाळ-मांसाचं भांडं गावच्या भट्टीच्या विझत्या धगीत ठेवायची लिथुआनियातली रीत त्याने आईकडून ऐकली होती. १९७० साली रायव्हल कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि पुढच्याच वर्षी तेच यंत्र ‘क्रॉक-पॉट’ या नावाने बाजारात आणलं. आपल्याकडच्या बेने इस्रायलांना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शनवारतेली म्हणायचे. त्यांना हे सगळं समजावून सांगायची गरज पडली नसती.

१८०३कडे परत येऊ. दख्खनमधला इंग्रज सेनापती आर्थर वेल्सली जन्माने डब्लिनचा, वय चौतीस. त्याला कॉर्कच्या पिंपांचं गणित वेगळं शिकवायला नको होतं. पण म्हैसूरच्या स्वारीत तो दुसरंच एक गणित शिकला होता: हिंदुस्थानात फौज चालते ती बैलाच्या पायांनी. चांगले बैल नसतील, ते नीट हाकले आणि नीट पोसले जात नसतील तर वेगाने हालचाल करायचं स्वप्नही पाहू नये, हे त्याने आपल्या पत्रांतून पुन्हा पुन्हा बजावलं आहे. टिपूच्या अमृतमहालातले धिप्पाड म्हैसुरी बैल त्याच्या तोफखान्याला जुंपलेले होते. ३१ डिसेंबर १८०२ला पेशवा बाजीरावाने इंग्रजांशी वसईचा तह केला आणि पुण्यावर चाल करायचं ठरलं, तेव्हा वेल्सलीने मुंबईकडे मागणी केली ती पनवेलच्या बाजूने घाटावर चढवता येतील अशा साठ्यांची. खारवलेलं मांस, बिस्किटं, अरक. पिंपं लहान हवीत, बैलाच्या पाठीवर दोन्ही अंगांना लादता येतील अशी. जहाजाच्या गोदामातलं भलंमोठं पिंप घाटात काही कामाचं नव्हतं.

खरं तर हा साठा हाताशी ठेवलेला होता, रोजच्या जेवणाचा नव्हे. रोजचं मांस पायांनी चालत यायचं. फौजेमागे गुरांचे आणि मेंढ्यांचे कळप असत. पण मराठी मुलखात गुरं कापणं हा नाजूक मामला होता. दौलतरावांच्या आधी गादीवर असलेल्या महादजी शिंद्यांनी बादशहा शाह आलमकडून गोवधबंदीचं फर्मान मिळवलं होतं, ही गोष्ट लोकांच्या स्मरणात ताजी होती. बंद पिंपातलं मांस अशा ठिकाणी निमूटपणे शिजवता येतं, हाही त्याचा एक उपयोग असावा.

आणि दौलतराव? १८०१च्या जुलैत होळकरांनी खुद्द उज्जैनपाशी शिंद्यांच्या कवायती पलटणींचा पाडाव केला होता. त्यांचा सेनानी हेसिंग याच्या हाताखालचं पायदळ कापलं गेलं, तोफा गेल्या. शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्यांनी त्याचा सूड इंदूर लुटून घेतला. पुढच्या वर्षी होळकर दक्षिणेत उतरले आणि २५ ऑक्टोबर १८०२ला हडपसरच्या लढाईत त्यांनी पुण्यालाच हात घातला. या दोन घराण्यांनी एकमेकांची शेतं, गंज्या आणि पेवं इतक्या निष्ठेने जाळली की इंग्रजांना फारसं काही करायला उरलं नाही. १८०३च्या सुरुवातीला दौलतराव उज्जैन सोडून बऱ्हाणपुराकडे निघाले तेव्हा त्यांच्यापुढचा दख्खन आधीच रिकामा होता. पाऊसही दगा देत होता.

मराठी फौजेची पोटाची व्यवस्था काही अडाणी नव्हती. छावणीबरोबर पूर्ण बाजार चालायचा. वाणी, सराफ, भडभुंजे, तेली. लमाणांचे तांडे हजारो बैलांवर धान्य आणायचे. कहीला गेलेले स्वार आसपासच्या गावांतून वैरण आणि दाणा घेऊन यायचे. मुलूख हिरवा असेल आणि हाती रोकड असेल तर ही व्यवस्था पिंपं वाहून नेणाऱ्या कुठल्याही फौजेपेक्षा चपळ. शिवाजीच्या काळापासून मराठी घोडदळाची ताकद हीच होती, की त्याला मागे गोदाम लागत नसे. पण चपळाईची ही पद्धत उजाड मुलखात उलटते. शिवाय शिंद्यांची फौज आता नुसती घोडदळाची राहिली नव्हती. दि बॉयन या युरोपीय सेनानीने घडवलेल्या, पुढे पेराँच्या हाताखाली आलेल्या पलटणी पायी चालत, शेकडो तोफा ओढत, आणि त्यातले बहुतेक पुरबिये शिपाई आपली चूल आपण मांडत. युरोपातल्यासारखी कवायत आली, युरोपातल्यासारखी रसद मात्र आली नाही. शिंद्यांच्या पराभवाचं इतकं सोपं आणि इतकं दुर्लक्षित कारण दुसरं सापडणं कठीण.

लमाणांचंच पाहा. ते कुणाचेच नोकर नव्हते. रोख मोबदला आणि तांड्याला संरक्षण देईल त्याचे. वेल्सलीने दोन्ही दिलं. ऑगस्टमध्ये त्याने अहमदनगरचा किल्ला घेतला आणि मागचं पहिलं मोठं कोठार उभं केलं. मग गोदावरी ओलांडली. नदी भरलेली असणार हे त्याने गृहीतच धरलं होतं, किंबहुना तेच त्याला हवं होतं. पुराने मराठी स्वार अडतात आणि टोपल्यांवर चामडं मढवून केलेल्या होड्या आधीपासून तयार ठेवल्या की आपण अडत नाही.

२३ सप्टेंबर १८०३ला असईजवळ, कैलना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात, गाठ पडली. शिंद्यांचा सेनानी पोलमन याच्या पलटणींनी आणि त्यांच्या तोफांनी इंग्रजांची जी कत्तल केली तिचा उल्लेख वेल्सली म्हातारपणीही करत असे. इंग्रजांकडचे १,५८४ लोक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. शिंद्यांच्या ९८ तोफा गेल्या. मग नोव्हेंबरात अडगाव, डिसेंबरात गाविलगड, आणि वर्ष संपता संपता ३० तारखेला तह. उज्जैन शिंद्यांकडेच राहिलं.

दख्खनमध्ये पुढचे महिने भयंकर गेले. १८०३-०४चा दुष्काळ नगरच्या बाजूला इतका तीव्र होता की किल्ल्याभोवती रोज माणसं मरत होती आणि वेल्सलीने तिथे सरकारी खर्चाने लोकांना अन्न द्यायची सोय केली. जेत्याचं औदार्य म्हणून हे सांगितलं जातं. त्यात औदार्य होतंच. पण ज्याच्या हाती कोठार होतं तोच ते दाखवू शकत होता.

यानंतर आली ती १८०४ची फजिती, आणि ती इंग्रजांची. होळकरांना दोन बाजूंनी दाबायचं ठरलं: उत्तरेकडून कर्नल मॉन्सन, गुजरातेकडून मरे. मॉन्सन मुकुंदऱ्याची खिंड ओलांडून माळव्यात खोल शिरला. तिथे त्याला दोन गोष्टी कळल्या. रसद दोन दिवसांपुरतीच उरली आहे, आणि मरे होळकरांच्या चाहुलीने मही नदीपलीकडे मागे सरकला आहे. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मॉन्सनने माघार घ्यायला सुरुवात केली. जवळपास त्याच दिवसांत मरेने विचार बदलला होता आणि तो उज्जैनला येऊन पोहोचत होता! दोघांमध्ये पावसाने भिजलेला माळवा होता आणि होळकरांचे स्वार. निरोप वेळेत पोहोचेना. शिंद्यांनी मॉन्सनच्या मदतीला दिलेला सरदार बापूजी शिंदे सरळ होळकरांना जाऊन मिळाला. चिखलात रुतलेल्या तोफा खिळे ठोकून निकामी कराव्या लागल्या. चंबळेच्या खोऱ्यातली गावं धान्य द्यायला तयार नव्हती, काही ठिकाणी तर फौजेला आतही येऊ देत नव्हती. ऑगस्टअखेर मॉन्सनचे उरलेसुरले लोक आग्र्याला पोहोचले तेव्हा त्याच्या पलटणी पलटणी म्हणण्याजोग्या राहिल्या नव्हत्या.

मजा अशी की हा पराभव यशवंतरावांच्या तलवारीपेक्षा पावसाचा आणि रिकाम्या गोणीचा. आदल्या वर्षी वेल्सलीने जे जे केलं ते ते मॉन्सनने केलं नाही. होड्या नाहीत, कोठारं नाहीत, लमाण नाहीत. म्हणजे खारं मांस खाणारे जिंकतात आणि राखेतली बाटी खाणारे हरतात, असला हिशेब इथे चालत नाही. उजाड मुलखात गोदाम मागे टाकून पुढे धावलेला इंग्रज शिंद्यांच्या पुरबियाइतकाच उपाशी राहतो.

मरे उज्जैनला थांबला, सावरला, आणि ऑगस्टमध्ये पुढे सरकून त्याने इंदूर घेतलं. पुढे ही फौज जनरल जोन्सच्या हाताखाली भरतपूरला गेली आणि तिथल्या मातीच्या किल्ल्यापुढे तिनेही १८०५च्या सुरुवातीला मार खाल्ला. तिच्यात ८६वी गोरी पलटण होती, जिला काही वर्षांनी, १८१२ साली, आयर्लंडातल्या काउंटी डाउनचं नाव मिळालं. ज्या देशाने पिंपं भरली, त्याचीच माणसं ती रिकामी करायला हिंदुस्थानात आली होती.

मराठी मुलखात मांस टिकवायची रीत नव्हती, असं मात्र समजू नये. महार-मांगांच्या वस्त्यांवर मांसाच्या लांब पट्ट्या कापून, दोरीवर टाकून उन्हात कडकडीत वाळवत. त्या चान्या. पावसाळ्यात, हाताला काम नसताना, त्या भाजून किंवा रस्सा करून खायच्या. पिंप नको, पोर्तुगालचं मीठ नको. उन्हाळ्यातलं दख्खनचं ऊन पुरे. मराठी स्वयंपाकाच्या पुस्तकांनी या अन्नाकडे दीडशे वर्षं पाहिलंच नाही. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकघरातले असे पदार्थ नावानिशी नोंदवले, तेव्हा कुठे त्यांना छापील पान मिळालं. मुंबईच्या पलटणींतले महार शिपाई या घरांतून आलेले होते. त्यांना गोऱ्यांच्या हंड्यातल्या मांसाचं नवल वाटायचं कारण नव्हतं. ते उन्हाऐवजी मिठात ठेवतात याचं कदाचित वाटलं असेल.

१८१०च्या सुमाराला दौलतरावांनी आपला तळ ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली कायमचा टाकला. फौजेचा मुक्काम उठलाच नाही, तंबूंची घरं झाली आणि त्या वस्तीचं नावच लष्कर पडलं. उज्जैनची राजधानी गेली. दरबार गेला, तसा दरबाराचा मुदपाकखानाही गेला. मागे राहिली मंदिरं, अफूचे सौदे आणि कारकून, पुरोहित, शिलेदार अशी मराठी घरं, ज्यांच्या पुढच्या पिढ्या माळवी वळणाची मराठी बोलू लागल्या आणि गोडं वरण सोडून तिखट डाळीबरोबर बाफले खाऊ लागल्या.

इंग्रज फौज उज्जैनला परत आली ती १८१७च्या डिसेंबरात. या खेपेला व्यवस्था मॉन्सनसारखी नव्हती. हिस्लॉपची दख्खनची फौज नर्मदा उतरून आली, १२ डिसेंबरला उज्जैनपाशी जॉन माल्कम तिला येऊन मिळाला, आणि दोन दिवसांनी दोघे मिळून क्षिप्रेच्या काठाने उत्तरेला निघाले. पुन्हा एकदा शिंदे कागदावर मित्र होते. नोव्हेंबरातच त्यांनी ग्वाल्हेरला तह करून हात बांधून घेतले होते. २१ तारखेला महिदपूरला होळकरांच्या तोफांनी क्षिप्रेच्या उतारावर इंग्रजांचे आठशेच्या आसपास लोक मारले वा जखमी केले, तरी संध्याकाळी मैदान इंग्रजांचं होतं. आदल्याच दिवशी होळकरांचा कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंना त्यांच्याच फौजेतल्या लोकांनी नदीकाठी ठार केलं होतं. ६ जानेवारी १८१८ला मंदसोरचा तह झाला, आणि माल्कमने उज्जैनहून दोन-तीन मजलांवर महूला छावणी बसवली.

छावणी आली म्हणजे मुक्कामाचा हंडा पक्क्या भिंतीत गेला. खाटीकखाना, बेकरी, दारूचं गोदाम, कमिसारियटचे बाबू आणि गोऱ्यांना लागणाऱ्या भाज्यांचे मळे. पिंपांचा काळ पुढे पन्नास-साठ वर्षांत संपला. १८७०च्या दशकापासून उरुग्वेतल्या फ्राय बेन्टोससारख्या ठिकाणांहून खारवून शिजवलेलं गोमांस पत्र्याच्या डब्यात बंद होऊन जगभरच्या फौजांना जाऊ लागलं. भिजवायला नको, उकळायला नको.

याच महूत १४ एप्रिल १८९१ रोजी लष्करी शाळेत शिकवणाऱ्या सुभेदार रामजी सकपाळांना मुलगा झाला. मार्च १९२७मध्ये महाडच्या परिषदेत त्याच मुलाने, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं, आणि कित्येक गावांत चान्यांच्या दोऱ्या उतरल्या. १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात गोमांस आणि अस्पृश्यता यांचं नातं त्यांनी इतिहासाच्या अंगाने तपासलं. मध्य प्रदेशाने १९५९ साली कृषी-पशूंच्या रक्षणाचा आणि २००४ साली गोवंशाच्या वधबंदीचा कायदा केला. महाकालाच्या शहरात आता तो खारा तुकडा मिळायचा प्रश्नच नाही.

कोबी मात्र राहिला. हिवाळ्यात उज्जैनच्या मंडईत त्याचे ढीग लागतात, आसपासच्या शेतांतून बटाट्याच्या गोण्याही येतात, आणि मराठी घरांत तो बारीक चिरून हरभऱ्याची डाळ घालून मोहरी-हिंगाच्या फोडणीत दहा मिनिटांत होतो. बाफल्याबरोबर सहसा तो कुणी वाढत नाही.